डाग म्हणजे किती?

उपकेंद्राच्या रजिस्टरात नोंद आहे ती एवढीच : 'पहिलटकरीण, वय २२, तिसरा महिना चालू. थोडा डाग. आराम सांगितला.' तारीख ११ नोव्हेंबर २०२४, सोमवार, दुपारी एकची वेळ. अक्षर सिस्टरचं आहे, शब्द माझे. फोनवर मीच ते सांगितले होते. पंधरा तासांनी, मंगळवारी पहाटे चारला, हीच मुलगी ग्रामीण रुग्णालयाच्या टेबलवर होती. रक्तदाब ८४/५०, नाडी १२४, तळहात पांढरेफटक.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या, तेलंगणाच्या सीमेलगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. हे प्रकरण आधी आशाताईंच्या बैठकीसाठी लिहून काढलं होतं. ओळख लागू नये म्हणून गाव आणि घरातले काही तपशील झाकले आहेत.

नोंदणीला आली तेव्हा शेवटच्या पाळीची तारीख तिला सांगता येईना. सिस्टरने विचारलं, "पोळ्याच्या आधी का नंतर?" ती लगेच म्हणाली, "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी." त्या वर्षी पोळा २ सप्टेंबरला होता, म्हणजे पाळी ३ तारखेची. आमच्याकडे गरोदरपणाचा हिशेब असाच निघतो, आणि खरं सांगायचं तर नुसत्या आठवणीतल्या तारखेपेक्षा तो पक्का असतो. ऑक्टोबरच्या मध्यावर आशाताईने निश्चय किटवर तपासणी केली, दोन रेघा आल्या. गावातल्या आरोग्य-पोषण दिनाला नोंदणी झाली, वजन ४१ किलो, हिमोग्लोबिन ९.१. विदर्भात सिकलसेलची चाचणी नोंदणीलाच करतो, ती निगेटिव्ह आली. रक्तगटाचा रकाना रिकामा राहिला. तो ९ नोव्हेंबरला भरायचा होता. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्या दिवशी रक्त घेऊन पुढच्या सगळ्या तपासण्या होतात.

९ तारखेला ती आली नाही. दुसरा वेचा सुरू होता. कापूस वेचायची मजुरी किलोवर मिळते, दिवस बुडाला की किलो बुडतात. घरचा कापूसही बोंडांतून लोंबत होता आणि आभाळाचा भरवसा नव्हता. न येण्याचं कारण कुणी विचारलं तर 'विसरली' असं सांगतात. विसरलं कुणीच नव्हतं.

रविवारी १० तारखेला सकाळी अकराच्या सुमारास, कमरेला कापसाची झोळी बांधलेली असताना, तिला परकर ओलसर लागला. धुऱ्याकडे जाऊन पाहिलं तर पिंगट डाग, रुपयाएवढा. तिने जावेला सांगितलं. जाऊ म्हणाली, "काई होत नाई वं, मलेबी लागला होता दुसऱ्या महिन्यात. पोरगा अंगणवाडीत जाऊन रायला आता."

जावेचं काहीच चुकलं नव्हतं. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एका गरोदर बाईला थोडंफार रक्त जातं आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींचं गरोदरपण पुढे सुरळीत चालतं. पिंगट रंगाचं रक्त म्हणजे जुनं, सावकाश झिरपलेलं. कधी गर्भ रुजताना, कधी संबंधानंतर, कधी गर्भाशयाच्या तोंडाची सूज असली की तेवढा डाग लागतो. डाग दिसला म्हणून गर्भ पडलाच असं नाही, हे खरंच आहे. अडचण पुढची आहे. जावेने तिच्या एका डागावरून सगळ्या डागांचं उत्तर देऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मीही तेच केलं. फरक इतकाच की माझ्याकडे डिग्री होती.

संध्याकाळी तिची कंबर भरून आली. दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाईची कंबर दुखणार नाही तर काय होणार, असंच सगळ्यांनी धरलं, तिनेही. रात्री तो डाग लालसर झाला. तिने जुन्या लुगड्याची घडी घेतली आणि झोपली. सासूला सांगितलं नाही. पहिलं दुखणं सांगायची लाज वाटते आणि सांगितलं तर 'नाजूक हाय' असा शिक्का बसतो.

सोमवारी सकाळी मात्र सासूच्या लक्षात आलं. तिने गावातल्या खासगी डॉक्टरला बोलावलं आणि 'टिकायचं इंजेक्शन' दिलं गेलं. हे इंजेक्शन म्हणजे बहुधा प्रोजेस्टेरॉन, गर्भ टिकायला लागणारं संप्रेरक. २०१९ साली ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त बायकांवर प्रिझम नावाची चाचणी झाली. रक्त जातंय म्हणून सरसकट सगळ्यांना प्रोजेस्टेरॉन देऊन फायदा दिसला नाही. आधी गर्भपात झालेल्या बायकांना, त्यातही तीन किंवा जास्त झालेल्यांना, फायदा दिसला. आमची मुलगी पहिलटकरीण होती, म्हणजे तिला त्याचा उपयोग होण्याची शक्यता कमीच. त्या इंजेक्शनने तिचं काही बिघडवलं असंही मी म्हणणार नाही. घरच्यांना मात्र वाटलं की इलाज झाला, आता वाट पाहायची. तो दिवस त्यातच गेला.

दुपारी आशाताई घरी गेली. तिने विचारलं, "कसं हाय?" उत्तर आलं, "थोडसा डाग हाय." तिने सिस्टरला फोन केला, "थोडा डाग आहे म्हणते." सिस्टरने मला. मी त्या वेळी निवडणुकीच्या कामासाठी तालुक्याला बसले होते, २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं. मी विचारलं, "किती?" सिस्टर म्हणाली, "थोडाच." मी म्हणाले, "आराम करू दे, उद्या सकाळी घेऊन ये."

जाऊ धरून पाच जणींच्या तोंडून तोच शब्द फिरला आणि प्रत्येकीच्या मनात त्याचा अर्थ वेगवेगळा होता. जावेला तो रुपयाएवढा पिंगट ठिपका वाटत होता. त्या वेळेपर्यंत मुलीने लाल रक्ताने भिजलेली दोन फडकी बदलली होती आणि पोटात खाली थांबून थांबून कळ येत होती. तिच्यासाठी तेही 'थोडसा'च, कारण पाळीतही तिला तेवढं जायचं. आमच्या भागात 'अंगावर जातं' हा शब्द तर पांढऱ्यालाही वापरतात आणि लालालाही. इतक्या वर्षांत मी तो हजारदा ऐकला आणि दर वेळी आपल्याला समजला असं धरलं.

रात्री अकरापासून कळा वाढल्या. ओटीपोटातून कंबरेत जाणारी, येणारी, सुटणारी कळ. लाल रक्त, मग गाठी. साडेबाराला सासूने पाहिलेली गाठ तिच्या शब्दांत 'काळजाच्या फोडीएवढी' होती. दीड वाजता मुलगी मोरीकडे जायला उठली आणि दारातच बसली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा नवरा गाडी पाहायला धावला. गावातली एकमेव जीप प्रचाराच्या सभेला गेलेली होती. आशाताईने १०८ ला फोन लावला. गाडी पावणेतीनला आली आणि ३४ किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात चारला पोचली.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी दोन्ही हातांना सलाईन लावली आणि तपासलं. गर्भाशयाचं तोंड उघडलेलं होतं आणि त्यात गर्भाचा अर्धवट भाग अडकलेला. तो चिमट्याने काढल्याबरोबर रक्तस्राव निम्म्यावर आला. गर्भाशय पूर्ण रिकामं झालं नाही की ते आवळलं जात नाही आणि रक्त थांबत नाही. उरलेला भाग सकाळी एमव्हीएने, म्हणजे हाताच्या पिचकारीने ओढून, काढला. हिमोग्लोबिन ६.८ वर गेलं होतं. रक्तगट तेव्हा पहिल्यांदा तपासला गेला : ओ निगेटिव्ह. नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. दोन पिशव्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणाव्या लागल्या, त्यात दुपार झाली.

रक्तगट निगेटिव्ह निघाल्यामुळे या प्रकरणाला आणखी एक घड्याळ लागलं. निगेटिव्ह बाईच्या रक्तात गर्भाच्या पॉझिटिव्ह पेशी मिसळल्या तर तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. या गर्भाला त्याने काही होत नाही, पुढच्या बाळाला मात्र कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो, बाळ पोटातच दगावूही शकतं. त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. पहिला डाग रविवारी सकाळी अकराचा. मंगळवारी दुपारी तीनला इंजेक्शन दिलं, ५२ तास झाले होते. बारा आठवड्यांच्या आत लहान मात्राही पुरते, हाताशी ३०० मायक्रोग्रॅमचं होतं तेच दिलं. समजा तिचं रक्त थोडं कमी गेलं असतं, घरीच थांबलं असतं, आणि ती आठवड्याने आली असती, तर आम्ही 'सगळं साफ झालं, काळजी नको' म्हणून पाठवलं असतं आणि रकाना रिकामाच राहिला असता.

किती रक्त गेलं, हा प्रश्न रुग्णालयात कुणाकडून सुटेना. फडकी सासूने रात्रीच उकिरड्यात पुरली होती. असं पडलेलं कुणाच्या नजरेला पडू नये, कुत्र्याने ओढू नये, म्हणून पुरतात. त्यामागची भावना मी समजू शकते, तरी डॉक्टरच्या दृष्टीने त्या फडक्यांत आणि त्या गाठीत बरंच काही असतं. गर्भाचा भाग बाहेर पडला का, पूर्ण पडला का, द्राक्षाच्या घडासारखे फुगे आहेत का (तो वेगळाच आजार, त्याचा पाठपुरावा महिनोन्महिने करावा लागतो), हे पाहून कळतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा म्हटलं की बाया तोंड फिरवतात. तरी सांगावं.

शेवटी हिशेब लावला सासूनेच. म्हणाली, "लुगड्याचे सहा तुकडे फाडले होते सोमवारच्या सांजेले. एक उरला." पाच तुकडे. पहिला जेवणं झाल्यावर, दुसरा अकराला, उरलेले तीन अकरा ते दीडच्या दरम्यान, आणि शेवटचे दोन 'पिळले तर गळत होते'. लिहिता येत नसलेल्या त्या बाईने पाच मिनिटांत अशी नोंद दिली जी आमच्या तिघींच्या फोनमधून निघाली नव्हती. आम्ही विचारलंच नव्हतं.

वैद्यकीय पुस्तकात धोक्याची खूण अशी लिहितात : एक पॅड तासाभरात पूर्ण भिजणं आणि हे सलग दोन तास चालणं. नऊ हिमोग्लोबिनच्या बाईसाठी मी तेवढीही वाट पाहणार नाही. तिच्याकडे मुळातच राखीव काही नसतं. तेराच्या बाईला जे रक्त गेलेलं चालून जातं, तेवढ्यात ही दारात बसते.

पण नुसता कपड्यांचा हिशेबही फसवतो, आणि तो कसा हे मला आदल्या पावसाळ्यात एका दुसऱ्या बाईने शिकवलं. दीड महिना वर गेलेला, डाग अगदीच किरकोळ, एक फडकं दिवसभर पुरलेलं. पोटात एका बाजूला दुखत होतं आणि उजवा खांदा दुखतो म्हणत होती. खांद्याला तिने बाम चोळला होता. गर्भ गर्भनलिकेत रुजला होता, नळी फुटली होती आणि रक्त बाहेर न येता पोटात साचत होतं. ते छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं. शंभर गरोदरपणांत एक-दोनदा असं होतं, बहुतेकदा सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास. ती वाचली ती तिला तालुक्याला न थांबवता सरळ मोठ्या ठिकाणी नेल्यामुळे. त्यामुळे आता आमच्या यादीत कपड्यांच्या शेजारी चक्कर आणि खांदा हे दोन शब्द आहेत. ताप आणि घाण वास हेही आहेत. गर्भाचा भाग आत राहून पिकल्याची ती खूण असते आणि ती दोन-चार दिवसांनी, 'आता बरं आहे' असं सगळे म्हणत असताना येते.

तिसरा प्रकार काहीच न दाखवणारा. गर्भाची वाढ थांबते, रक्त जात नाही, पोट दुखत नाही. एखादी म्हणते, "ओकाऱ्या एकदम बंद झाल्या." ही खूण कच्ची आहे, कारण दहा-बारा आठवड्यांनंतर ओकाऱ्या आपोआपही थांबतात. इथे सोनोग्राफीशिवाय गत्यंतर नाही. आणि सोनोग्राफीतही घाई नको. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त भरली आणि ठोका नाही, तरच निकाल देता येतो. त्याहून लहान असेल तर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचं. साडेपाच आठवड्यांना 'ठोका नाही' ऐकून गर्भ पाडायच्या गोळ्या घेऊन बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या किती जणींची तारीखच चुकलेली होती, कोण जाणे.

बुधवारी वॉर्डात गेले तेव्हा घरच्यांमध्ये कारणाचा शोध चालू होता. सासूचं म्हणणं, दिवाळीत माहेरी पपई खाल्ली. माहेरच्यांचं म्हणणं, सासरी वेचायला लावलं. नवरा बाहेर व्हरांड्यात मला एकटीला गाठून म्हणाला, "मॅडम, मी दसऱ्याच्या आधी फवारणी केली होती. त्याच्यानं तं नाई ना झालं?" त्याचं विचारणं मला कळलं. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून घराघरांत ही भीती आहे. गरोदर बाईने फवारलेल्या शेतात जाऊ नये, फवारणीचे कपडे धुऊ नयेत, हे मी त्याला सांगितलं, आणि हेही सांगितलं की तिच्या या गर्भपाताचं खापर त्या एका दिवसावर फोडता येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचीच गडबड असते. बीज जुळतानाच हिशेब चुकलेला असतो. पपईचा, ग्रहणाचा, जिना चढण्याचा त्याच्याशी संबंध नसतो.

आणि आरामाचाही नसतो. माझ्या सल्ल्याबद्दल मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. गादीवर पडून राहिल्याने पडणारा गर्भ राहतो याला आधार नाही, हे मला सोमवारी दुपारीही माहीत होतं. 'आराम करू दे' हे आम्ही डॉक्टर 'बघू' या अर्थाने म्हणतो. घरात ते इलाज म्हणून ऐकलं जातं, आणि इलाज चालू असताना कोण गाडी काढणार?

आता आमच्याकडे आशाताई फोनवर 'डाग' हा शब्द वापरत नाहीत. म्हणजे वापरतात, पण पुढे लगेच चार गोष्टी सांगतात : रंग, सकाळपासून किती फडकी, कळ येऊन जाते का एकसारखी दुखते, उभं राहिल्यावर अंधारी येते का. सहा महिने लागले सवय व्हायला. एक आशाताई म्हणाली, "मॅडम, बाया हासतात, म्हणतात फडके कायले मोजता." मी म्हटलं, हसू द्या. रक्तगटही आता नोंदणीच्याच दिवशी तपासतो, ९ तारखेची वाट न पाहता.

दीड महिन्याने, डिसेंबरच्या शेवटी, ती सासूसोबत तपासणीला आली. हिमोग्लोबिन ९.६. पाळी आली होती. लोहाच्या गोळ्या नेमाने घेत होती, हे तिने न विचारता सांगितलं. मी जरा रागावूनच म्हणाले, "रविवारीच का नाही सांगितलंस?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रविवारी सांगतलं असतं तं लेकरू वाचलं असतं का?"

"नाही," मी म्हणाले. "बहुतेक नाही."

"मंग मले काऊन रागावता?"

मी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि सांगितलं, की तुझं रक्त अर्ध्यावर गेलं होतं, गाडी आणखी तासभर उशिरा आली असती तर आज सासूबाई एकट्या आल्या असत्या. सासूने पदर तोंडाला लावला. मुलगी टेबलावरच्या कार्डाकडे पाहत होती. तिने विचारलं, "ते इंजेक्शन परत घ्या लागते का?"

मी सांगितलं, पुढच्या खेपेला सातव्या महिन्यात, २८ आठवडे भरले की एकदा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंत झाल्यावर ७२ तासांच्या आत पुन्हा. आणि मधे कधीही लाल दिसलं तर त्याच दिवशी फोन.

कार्डावर मी ते लिहायला घेतलं, लाल पेनने, मोठ्या अक्षरांत. ती म्हणाली, "अक्षरं नोका लिहू मॅडम, आकडे लिहा. आत्याबाईले आकडे येतात. कापसाचा काटा त्याच वाचतात."

मी लिहिलं : ओ निगेटिव्ह, आणि खाली २८, ७२, १०८. सासूने कार्ड हातात घेऊन तिन्ही आकडे मोठ्याने वाचले, शेवटचा दोनदा.